बकरीची जागा

नवऱ्याचं तेरावं झालं नाही तोच मोतीलाल शेठनं खोटे साक्षीदार उभे करून तापीबाईची वेशीबाहेरची खळ्याची जागा गिळली. वाईट दिसू नये म्हणून मागच्या बाजूची चार हात रुंद पट्टी तेवढी तिला सोडली, आणि पंचांच्या देखत हसून म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुले. तुन्ही बकरी बांधाले पुरी शे."

शेठनं तिथं गावाकडं तोंड करून दुकानांची रांग बांधली. पुढं नंदुरबारात रेल्वे आली आणि स्टेशन उभं राहिलं ते नेमकं दुकानांच्या पाठीमागं. कापसाच्या गाड्या, टांगे, उतारू, सगळी वर्दळ तिकडून सुरू झाली. तिकडच्या वीतभर जागेला सोन्याचा भाव आला, अन् शेठच्या दुकानांकडं कुत्रंही फिरकेना. मागची भिंत फोडून दारं काढावीत, तर मध्ये तापीबाईची पट्टी आडवी.

तिची ती बकरी तर कधीच मेली होती. पण भाव चढल्याचं कानावर येताच तापीबाई खांडबाऱ्याच्या बाजारातून एक दांडगी बकरी घेऊन आली आणि पट्टीच्या मधोमध खुंटा ठोकून तिला बांधली.

शेवटी शेठ पगडी हातात घेऊन तिथं आला. "तापीबाई, मांगशी ते देसू, पन ही पट्टी मले दी टाक."

तापीबाई बकरीपुढं पाला टाकत म्हणाली,



"मन्ही कोठे शे ती, शेठ? पंचासमोर तुम्हीच बकरीले दिन्ही. तिलेच इचारा."