टोपली रिकामी होईस्तोवर

टोपलीतली शेवटची मेथीची जुडी दीपानं निवडायला घेतली, तशी तिची सासू रुखमाबाई लगबगीनं टोपलीत डोकावली. मेथी पिवळी पडली होती, देठ लिबलिबीत झाले होते. तरी दीपा एकेक धड पान वेचून धपाट्यांच्या पिठात टाकत होती.

या बाजाराला तिनं भाजी आणलीच नव्हती. आहे ते आधी संपवू, म्हणाली. कोणाला त्यात वावगं दिसलं नसतं. अशी काटकसरी सून अख्ख्या बोरी अरब गावात नाही, असं शेजारची कोकिळा येताजाता म्हणत होती.

पण रुखमाबाईनं चार दिवसांपूर्वी सुनेला फोनवर बोलताना ऐकलं होतं. "जमलं त सोमवारीच येतो वणीले. घरातलं तेवढं संपवतो."

तेव्हापासून म्हातारीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अंगणात बसली की आत जावंसं वाटे, आत गेली की बाहेर. तांदूळ निवडायला घेई आणि सूप तसंच टाकून उठे.

तिचा मुलगा राजदीप चार वर्षांपूर्वी नागपूरला कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. मागे राहिल्या या दोघी. दीपा दुसऱ्यांच्या वावरात कामाला जायची, रुखमाबाई स्वयंपाक सांभाळायची. सून निघून गेली असती तरी तिला कोणी नाव ठेवलं नसतं. सासूनंही नसतं ठेवलं. पण एकटीनं राहायची म्हातारीला भीती वाटत होती, आणि ती भीती बोलून दाखवायची लाज.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात होती. घरात भाजी सडत टाकून बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, ही या घरातली रीत. माहेरी जायचं असो की लग्नाला, आधी टोपली रिकामी करायची. ही रीत तिनंच लावली होती, आणि दीपानं ती कधी मोडली नव्हती. मग काय, टोपली रिकामी होऊच द्यायची नाही, असं म्हातारीनं ठरवलं.

शुक्रवारी ती कोकिळाकडून अर्धं कोहळं मागून घेऊन आली. शनिवारी देवीलाल भाजीवाल्यानं गाईसाठी बाजूला टाकलेले मऊ टमाटे आणि सुरकुतलेली वांगी पदरात बांधून आणली. देवीलाल बघतच राहिला.

दीपानं कपाळाला आठी पाडली नाही. याचं काय करायचं, एवढंच विचारलं.

इथं म्हातारीची पंचाईत झाली. माहीत नाही म्हणावं, तर सडकं दिसत असताना तिची जीभ गप्प बसेना. तिनं सगळं सांगितलं. कोहळ्याच्या गराची भाजी, सालीची चटणी, बिया धुऊन वाळवायच्या. टमाटे लसूण-मिरची घालून आटवायचे. वांग्यांच्या फोडी करून कडक उन्हात टाकायच्या, उन्हाळ्यात भाजीची ददात नाही. नुसतं सांगून भागेना, तेव्हा विळी ओढून स्वतःच कापायला बसली.

दीपा मोबाइल भिंतीला टेकवून समोर बसली होती. मधूनच विचारत होती, हेच पन्नास माणसांचं करायचं झालं तर मीठ किती, तिखट किती.

पन्नास माणसं! रुखमाबाईला सगळा उलगडा झाला. पोरीला वणीला स्वयंपाकाचं काम लागलं होतं. जाता जाता सासूच्या हातची विद्याही नेत होती. म्हातारीला राग आला, पण मिठाचा अंदाज तिनं बरोब्बर सांगितला.

रविवारी दीपानं सासूच्या बीपीच्या गोळ्या आणल्या, एकदम दोन महिन्यांच्या. मग तिचं आधार कार्ड मागून नेलं आणि झेरॉक्स काढून आणली. आता मात्र रुखमाबाईला भलतीच शंका आली. कोकिळाच्या चुलतसासूला वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा आधी आधार कार्डच मागितलं होतं.

सोमवारी सकाळी टोपलीत मुळ्याचा पाला तेवढा उरला होता. दीपाचा फोन वाजला आणि ती बोलत अंगणात गेली. दारातून तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. चार वर्षं या टाचा आपल्यासाठी वावरं तुडवत होत्या आणि आपण हिला शिळ्या भाजीनं बांधून ठेवतोय, असं रुखमाबाईच्या मनात आलं. तिला स्वतःचीच शरम वाटली.

तिनं पाला धुतला, बारीक चिरला, बेसन पेरून परतला. दोन भाकरी थापल्या. सगळं फडक्यात बांधलं आणि टोपली पालथी घातली.

दीपा आत आली, तेव्हा ती गाठोडं घेऊनच उभी होती.

"जाय पोरी," ती म्हणाली. "जीपमंदी बसून खाजो. माही काळजी करू नको. मी राह्यतो एकटी."

दीपानं गाठोडं हातात घेतलं. मग तिनं कोपऱ्यातली पिशवी ओढून उघडली. वर तिचं लुगडं नव्हतं. सासूचं होतं.

"एकट्या कशा राह्यसान?" ती म्हणाली. "वणीतल्या मेसवाल्या ताईकडं रोज टोपलंभर भाजी उकिरड्यावर जाते. तुम्ही कराले बसल्या का मी मोबाइलमंदी व्हिडिओ घेत होतो अन् त्याईले धाडत होतो. पक्कं नव्हतं म्हणून बोललो नाई. आत्ता त्याईचाच फोन होता."

"मंग लागली ना तुले नोकरी," रुखमाबाई म्हणाली.

"मले नाई, आत्या. तुम्हाले लागली. तुमच्या हाताखाली कोणी लागन म्हणून मले घेतलं."