मागचं फाटक

"दादा, कुत्र्याला एकदाच आत सोडा," ती काकुळतीला आली. बागेच्या रखवालदाराने पाटीकडे बोट दाखवलं. "बंदी आहे, ताई. माझ्या पोटावर पाय नका देऊ." तिचे बाबा रोज कुत्र्याला या फाटकाशी बसवून आत फिरायला जात. त्या सकाळी बागेतल्या बाकावरच त्यांचा प्राण गेला. गाड्यांना परवानगी फक्त मागच्या फाटकातून, म्हणून रुग्णवाहिकेने त्यांना तिकडूनच नेलं. तेव्हापासून हा अन्न सोडून इथेच बसलाय. "बाबा आत नाहीत, एवढं त्याला दिसू दे हो. नाहीतर मरेल तो." रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. तिने पट्टा ओढला. कुत्र्याने फाटकाच्या अलीकडेच पाय रोवले. तिने चुचकारलं, ढकललं, विनवलं. तो हलेना. "तुमच्या बाबांनीच शिकवलंय त्याला," रखवालदार म्हणाला, "फाटक ओलांडायचं नाही." तीही त्याच्या शेजारी बसली, फाटकाकडे बघत.