सगळं माझ्या हातचं

वाइनमध्ये संत्र्याच्या फोडी बुडवून शलाकाने त्या सरबताला ऐटीत सांग्रिया म्हटलं, मैत्रिणींच्या हाती ग्लास दिले आणि सुरळीच्या वड्यांचं ताट मधे ठेवलं. "दुपारभर राबलेय गं. सगळं माझ्या हातचं."

वृंदाने वडी उचलली. घट्ट सुरळी, खोबरं कमी, कोथिंबीर जास्त. तिचीच वडी. दुपारभर ताटांवर पीठ पसरून तिची मनगटं अजून दुखत होती. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून ती दुसऱ्या नावाने ऑर्डरी घेते, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुलाही शिकवेन," शलाका तिला म्हणाली. "पण हात हलका लागतो."

वृंदाने सावकाश घोट घेतला. "छान झाल्यात. हिंग तेवढा जास्त पडलाय."

"हो ना, फोडणीत घाईघाईत पडला."

वृंदाने आणखी एक वडी घेतली. तिची हिंगाची डबी सकाळपासून खडखडीत रिकामी होती.