आधीचं दळण

"भांडं मी धुतलं नव्हतं, साहेब."

साहेबांनी तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला. ती मान खाली घालून उभी राहिली. आता नोकरी गेली, असं तिला वाटलं. पण साहेब रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"बसा, बाई, बसा. नीट सांगा."

तिने सांगितलं. प्रयोगशाळेत आलेले दगड फोडायचे, माती ओव्हनमध्ये सुकवायची आणि पोलादी भांड्यात घालून तिची पावडर करायची, हे तिचं काम. म्हणजे पिठाची गिरणीच. मिरचीनंतर गहू टाकला की पीठ झोंबतं. म्हणून दर नमुन्यानंतर भांड्यात कोरी वाळू फिरवून आधीचं दळण काढून टाकायचं. त्या दिवशी घाई होती. खाणीतला शिशाचा दगड दळून झाला आणि वाळू न फिरवताच तिने वसाहतीच्या मैदानाची माती त्याच भांड्यात ओतली.

मातीत शिसं निघालं. मर्यादेच्या चौपट. मैदानाला कुंपण पडलं आणि मैदानाला लागून असलेल्या बॅटरीच्या कारखान्याला टाळं.

निम्मी वसाहत त्या कारखान्यावर जगत होती. तिची धाकटी बहीणही. मेहुणा घरी बसला. "तुझ्या चिमूटभर पावडरीने आमची चूल विझवली गं, ताई," असं धाकटी एकदा जेवताना बोलली. हातातल्या घासाबरोबरच तिला ते भांडं आठवलं. मातीत काही नव्हतंच. निघालं ते खाणीतल्या दगडाचं. आपल्या आळसाने एवढी घरं बसली!

"माणूस आहे, चुकणारच," साहेब म्हणाले. "पण असा प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळतो कुठे?"

एरवी त्या इमारतीतून एक कागद बाहेर पडायला महिना लागायचा. अहवाल रद्द केल्याचं पत्र चहा निवायच्या आत निघालं. कारखाना हे साहेबांचं जुनं गिऱ्हाईक. तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तिने त्याचा अर्थ लावला नाही. मनावरचं ओझं उतरवायची माणसाला इतकी घाई असते, की ते आपण कुणाच्या डोक्यावर ठेवतोय हे तो बघत नाही.

कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजला. कुंपण निघालं. तिला झोप लागू लागली.

प्रत्येक मातीचा अर्धा हिस्सा राखून ठेवायची पद्धत होती. ढीग करायचा, त्याचे चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन दळायचे आणि उरलेले दोन पिशवीत बांधून फळीवर ठेवायचे. अहवालच रद्द झाल्यावर ती पिशवी फेकायची होती. तिने फेकली नाही. आपली आपल्याला खात्री असावी, म्हणून तिने भांड्यात दोनदा वाळू फिरवली, ब्रशने खाचा साफ केल्या, हवा मारली आणि मग ती माती दळली. मशीनवाल्याने कुरकुरत तपासायला घेतली.

"मेलेल्याची नाडी बघायला सांगतेस तू," तो म्हणाला. मग आकडा आला तसा त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

चौपटीपेक्षा किंचित कमी.

तिच्या चुकीचा वाटा म्हणजे समुद्रात मूठभर मीठ. बाकी सगळं मैदानाचंच होतं. शिसं मुलांचा मेंदू खातं, एवढं प्रयोगशाळेत झाडू मारणाऱ्यालाही कळतं. इतकी वर्षं तिने जगाची माती तपासायला दिली. स्वतःची चूक मात्र न तपासता उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी आकडा पाहिलाच नाही. "रद्द झालं ते झालं. आणि तुमच्या हातच्या दळणावर आता विश्वास कोण ठेवणार, बाई? तुम्हीच सांगा."

ती तडक धाकटीकडे गेली. धाकटीने दारातच तिला मिठी मारली. भाची काखेत चेंडू धरून चपला शोधत होती.

"हिला मैदानावर पाठवू नकोस," ती म्हणाली. "मातीत शिसं आहे. मी पुन्हा दळून बघितलं. भांडं स्वच्छ करून."

धाकटीचं हसू मावळलं. तिने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "ताई, कुणी धमकावलं का तुला?"

"अगं, नाही. खरं तेच सांगतेय."

"खरं तू तेव्हाच बोललीस. नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून बोललीस. अख्खी वसाहत तुझं नाव काढते. आता कुणाच्या दबावाखाली येऊन शब्द फिरवू नकोस."

"माझं ऐक तरी—"

"आई, जाऊ ना गं?" भाचीच्या चपला सापडल्या होत्या.

धाकटीने दार उघडलं आणि लेकीच्या पाठीवर थाप मारली.

"जा की! मावशीमुळेच तर मैदान परत मिळालंय तुम्हाला."