पाचची वेळ

पाचच्या वेळेवर धाकटीचं घोडं अडलं होतं. सकाळच्या फेऱ्या बिनबोभाट चालल्या होत्या, दुपारी कुणी मागतच नव्हतं; पण संध्याकाळी जो तो पाचच वाजता आपला कुत्रा फिरवून मागत होता. आणि त्यात ती शिवणवाली.

"सोडून दे तिला," वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली. "कुत्री छळत नाहीत तेवढी ही बाई छळते तुला."

"सोडून कसं चालेल? गिऱ्हाइकं आहेतच किती?"

दादानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "औषधाच्या दुकानातली तुझी जागा अजून रिकामी आहे बरं का. मालक परवाच विचारत होते."

बोलला सहज, पण धाकटीच्या काळजात चर्र झालं. त्या काउंटरमागे उभं राहून पाय आणि डोकं दोन्ही बधिर करून घेतलं होतं तिनं. कुत्री फिरवायचा हा धंदा तिनं घरच्यांच्या नाकावर टिच्चून सुरू केला होता. तो बुडाला की पुन्हा काउंटर, आणि वर दादाचं "मी म्हटलं नव्हतं?" आयुष्यभर ऐकायचं. धंदा तगवायचा तर संध्याकाळचं गणित जुळायलाच हवं होतं.

शिवणवाली नुकतीच राहायला आली होती. गल्लीत आतल्या बाजूला एक खोली, दिवसाढवळ्या पडदे ओढलेले, दिव्याखाली मशीन. वेळेचं म्हणाल तर बाईचा काही नेमच नाही. आज फोन, "पहाटे या." उद्या, "अंधार पडल्यावर या." परवा, "आज नकोच." वर आणखी, रोज वेगळ्या रस्त्यानं न्या, त्याला कंटाळा येतो म्हणे. जाहिरातीसाठी फोटो काढायला गेलं तर ही मध्ये आडवी. "फोटो नको. मला आवडत नाही."

कुत्रा मात्र गुणी. मोठा, तपकिरी, डावा कान अर्धा तुटलेला. नाव बंड्या, पण बंड कसलं करतोय, हाकेला साधी मानसुद्धा वळवायचा नाही.

"कानानं अधू आहे का हो?" धाकटीनं एकदा विचारलं.

"नवी जागा आहे ना. रुळेल."

"मग तुम्ही नेत जा की कधी कधी. लवकर रुळेल."

"कामाचा ढीग असतो हो."

ढीग म्हणजे उशांचे दोन अभ्रे. धाकटी बघतच राहिली. नखरे आहेत नुसते, असं मनात म्हणून तिनं पट्टा उचलला.

त्याच आठवड्यात एका गृहस्थाचा फोन आला. बोलणं इतकं मऊ की धाकटी आपसूक खुर्चीत ताठ बसली.

"आमचा जरा भित्रा आहे," तो म्हणाला. "एकटा नको, एखाद्या गरीब कुत्र्याची सोबत हवी. तुमच्याकडे कोण कोण आहेत?"

असं विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे जाणकार. धाकटीची कळी खुलली. एका फेरीत दोन कुत्री, म्हणजे निम्मा गुंता सुटला. तिनं एकेकाचा स्वभाव सांगायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंचा दांडगट आहे, तो नको. "पण एक अगदी गाय आहे हो. तपकिरी, डावा कान तुटका. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

फोन कटला की काय, असं धाकटीला वाटलं.

"हॅलो?"

"आहे, ऐकतोय. हाच चालेल. तुम्ही त्याला कुठून घेता? तुम्हाला वाकडी वाट नको, मीच आमच्याला तिथे आणून सोडतो."

काय समजूतदार माणूस, धाकटीला वाटलं. तिनं गल्ली सांगितली, कोपरा सांगितला.

"फक्त वेळ पक्की हवी," तो म्हणाला.

"पाच. पक्की."

मग ती शिवणवालीकडे गेली आणि उंबऱ्यावरूनच बोलली. "हे बघा ताई, रोज पाच वाजता. जमत असेल तर ठीक, नाहीतर दुसरं कुणी बघा. माझ्याही पोटाचा प्रश्न आहे."

शिवणवालीच्या हातातला कपडा तसाच राहिला. "वेळ ठरली की मला धडकी भरते," ती म्हणाली.

"धडकी कसली त्यात? चार पावलं फिरवून तर आणायचं."

बाईनं कुत्र्याकडे पाहिलं. खोलीत कोंडून कोंडून त्याची रया गेली होती. तिला त्याचीच जास्त दया आली असावी. "बरं. पण तुम्हीच या हं, दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

"मीच येणार."

धाकटी घरी आली ती गुणगुणतच. रात्री जेवताना दादाला ऐकू जाईल अशा बेतानं वहिनीला म्हणाली, "संध्याकाळचं जमलं बाई एकदाचं."

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला तिनं बंड्याला बाहेर काढलं. मागे दाराची कडी लागली. कोपऱ्यावर तो गृहस्थ आधीच उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हात खिशात.

"वेळेच्या पक्क्या आहात," तो हसून म्हणाला.

"आमचं कामच घड्याळावर चालतं," धाकटी म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

बंड्या मात्र तिच्या पायांमागे दडला आणि पोट टेकून जमिनीला चिकटला. अंगभर कापत होता. "असं काय रे वेड्यासारखं," ती त्याला म्हणाली. नव्या माणसासमोर तिला ओशाळल्यासारखं झालं. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "तुमचा कुत्रा कुठे आहे?"

गृहस्थ कुत्र्याकडे बघतच नव्हता. ती आत्ता ज्या दारातून आली होती, त्या दाराकडे तो बघत होता.

"हा काय," तो म्हणाला, "तुमच्या हातात."