सात नंबर सुस्त आहे

हार्ट अटॅकनंतर हृदय सांधणारं नवं जेल प्रयोगशाळेतल्या मेंढ्यांना टोचलं होतं. जी आधी बरी होईल, तिचं हृदय कापून बघायचं ठरलं. सात नंबरची मेंढी महिन्याभरात टुणटुणीत झाली. पण मेंढ्या सांभाळणारे काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ती त्यांच्या खिशात तोंड खुपसायची आणि ते वहीत लिहायचे, 'सुस्त. चारा खात नाही.'

आज डॉक्टरीणबाईंनी ऑफिसात बोलावून वही उघडली.

"काका, सातच्या अंगात अजून जोर नाही?"

"नाही हो बाई. बसली की उठत नाही."

"मग तिलाच आधी घेऊ. जेल कुठे चुकलं ते कळेल. तिला चालवत नसेल, तर उचलून आणा."

काकांनी जाळीचं दार उघडलं. ती उड्या मारत त्यांच्या मागे निघाली.