शिवाशीव

वृद्धाश्रमात सगळ्यांच्या मनगटावरची पट्टी हिरवी झाली होती. मनोरमाबाई वैशंपायनांची तेवढी अजून लाल होती.

"निर्मला, तू यांना हात लावला नाहीस?" डॉक्टरांनी आश्रमातल्या सेविकेला विचारलं.

"लावू देतात का? ताटसुद्धा दारातून सरकवते मी."

डॉक्टर पलंगाशी आले. "आजी, साथ शेजारच्या इमारतीत आलीय. ही लस म्हाताऱ्या अंगात सुईने लागू पडत नाही. आम्ही ती निर्मलाला टोचली. तिच्या तळव्यातून ती इथल्या प्रत्येकात उतरली. हिचा हात धरा."

"हिचा? दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"कुणाचाही हात धरलात तरी लस हिच्याच अंगातली."

बाहेर रुग्णवाहिका भोंगा वाजवत शेजारच्या फाटकात शिरली. मनोरमाबाईंनी ते ऐकलं आणि पदर गुंडाळून हात पुढे केला.

"पदराआडून चालत नाही," निर्मला म्हणाली. "कातडीला कातडी लागावी लागते."

"जीभ आवर."

"मग मरा."

मनोरमाबाईंनी डोळे मिटले, पदर सोडला आणि तिचा हात धरला. पट्टी हिरवी होताच त्यांनी तो झुरळ झटकावं तसा झटकून टाकला.

"पाणी तापवायला सांगा कुणाला तरी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मला डोक्यावरून आंघोळ करायचीय."

डॉक्टरांनी निर्मलाकडे पाहिलं. ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी उभी राहून कोपरापर्यंत साबण लावून हात घासत होती.